बर्फ विरघळेपर्यंत

शाळेत पोटदुखीचे प्रकार किती, हे डॉक्टरला विचाराल तर तो भलतंच काहीतरी सांगेल. ते शाळेच्या सिस्टरला विचारावं. एक खरी पोटदुखी, ती क्वचित. दुसरी गणिताच्या तासाची, ती तास संपला की आपोआप बरी होते. तिसरी मधल्या सुट्टीच्या जरा आधी सुरू होते. हिला औषध नाही, कारण ती पोटात नसतेच. ती मैदानावरच्या नळाशी किंवा जिन्याखाली उभी असते, आणि तिला दोन हात, दोन पाय आणि एक दणकट खांदा असतो.

आमच्या सिस्टरला ही तिसरी पोटदुखी दारातूनच ओळखू यायची. ती पोराला झोपवायची, पडदा ओढायची, कोमट पाणी द्यायची आणि काही विचारायची नाही. पोर पाणी संपवता संपवता आपणच बोलायचं. सुट्टी संपली की ती त्याला वर्गापर्यंत सोडून यायची आणि येताना मैदानाला एक फेरी मारायची. डोळ्यांत तेल घालून पोरं सांभाळणं म्हणजे काय, ते तिच्याकडे बघून कळायचं. शाळेत तिला सगळे ‘बर्फसिस्टर’ म्हणत. पोरं तोंडावर म्हणत, शिक्षक पाठीमागे.

नाव पडलं ते फ्रिजमुळे. तळमजल्याच्या टोकाला, जिन्याला लागून तिची खोली. दोन खाटा, एक स्टूल, वजनकाटा, औषधाचं कपाट आणि कमरेएवढा जुना फ्रिज. तिच्या थोरल्या बहिणीने, ताईने, घरी नवा फ्रिज घेतला तेव्हा जुना हिने शाळेत आणला. म्हाताऱ्या माणसाने खोकावं तसा तो मधूनच खोकायचा आणि पुन्हा चालू लागायचा. त्याच्या वरच्या कप्प्यात बर्फाचे ट्रे आणि पाण्याने भरून गोठवलेल्या बाटल्या गच्च भरलेल्या असत.

आणि तिचा एक नियम होता. ज्याने मारलं, त्याने बर्फ धरायचा.

म्हणजे असं: मार खाल्लेला स्टुलावर बसायचा. मारणारा त्याच्यासमोर उभा राहायचा. फडक्यात बर्फ गुंडाळून, जिथे मारलं तिथेच, तो बर्फ विरघळेपर्यंत धरायचा. सॉरी म्हणायची सक्ती नव्हती. ‘तोंडाची वाफ कशाला दवडायची,’ ती म्हणायची, ‘हात थंड पडू दे, म्हणजे कळेल.’ मार खाल्लेल्याने तेवढा वेळ हलायचं नाही. आणि सिस्टर स्वतः खिडकीशी जाऊन, दोघांकडे पाठ करून, बँडेजच्या गुंडाळ्या करत बसायची. पाठ फिरवणं हा नियमाचाच भाग होता. मोठं माणूस बघत असलं की पोरं नाटक करतात, खरं काय ते पाठीमागेच घडतं, असं तिचं म्हणणं होतं. ते म्हणणं खरंही होतं. किती खरं, ते तिला फार उशिरा कळलं.

नियम तिने पुस्तकातून काढला नव्हता. लहानपणी ती आणि ताई मांजरीसारख्या भांडायच्या. हात उचलणारी बहुतेक वेळा हीच. आई ओरडायची नाही. ओलं फडकं हिच्या हातात द्यायची, म्हणायची, ‘जिथे मारलंस तिथे धर,’ आणि चुलीकडे वळायची. ताई मुकाट बसायची, ही फडकं धरायची, आणि भांडण मिटायचं. सिस्टरला ते फार गोड आठवायचं. पुढे हिचं लग्न झालं नाही, ताईचा नवरा लवकर गेला, आणि दोघी बहिणी पुन्हा एका छपराखाली आल्या. त्या मायेचं मूळ त्या ओल्या फडक्यात आहे, असं ती मनापासून मानायची.

आणि नियम चालला, हे नाकारून चालणार नाही. मैत्रिणीला कडकडून चावलेली एक पोरगी बर्फ अर्धा विरघळायच्या आतच तिच्या गळ्यात पडून रडली. दोन वर्गांमधलं जुनं वैर त्या स्टुलावर मिटलं. पूर्वी शिक्षक मारकुट्या पोरांना ऑफिसात पाठवत, आता सिस्टरकडे पाठवू लागले. मारामाऱ्या खरोखर कमी झाल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तो नियम खोलीच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहून घेतला. सिस्टर वरवर ‘कशाला ते’ म्हणाली, पण रोज सकाळी त्या अक्षरांवरून फडकं मारायची.

मग आले ते दोघे.

एक कप्तान. फुटबॉलच्या संघाचा, नववीतला. उंच, देखणा, बोलण्यात लोणी. बाईंसाठी दार उघडून धरणारा, शिपायालासुद्धा ‘काका, जेवलात का?’ विचारणारा. दुसरा त्याच्याच वर्गातला, त्याच्या खांद्याएवढा, आदल्या वर्षी शाळेत आलेला. दप्तर पाठीपेक्षा मोठं, आणि कुणी हाक मारली की मान आत ओढून घ्यायचा. पोरांनी लगेच नाव ठेवलं, कासव. त्याची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. घरी दोघंच.

पहिल्या वेळी कासवाच्या खांद्यावर वळ होता. कप्तान आपणहून पुढे झाला. ‘सिस्टर, माझंच चुकलं. खेळताना धक्का लागला.’ सांगायच्या आत त्याने फ्रिज उघडला, बर्फ काढला, फडक्याची नीट घडी केली. सिस्टर खिडकीशी वळली. मागे अगदी शांत. तिने एकदा तिरक्या नजरेने पाहिलं, तर कप्तान पुतळ्यासारखा उभा आणि कासव डोळे मिटून, मान पुढे करून बसलेला. इतकी शांतता तिने त्या स्टुलावर कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं, जमलं.

पुन्हा आले. मग पुन्हा. कधी दंड, कधी मानेची मागची बाजू, कधी बरगडी. दर वेळी कप्तानाचं तेच गोड बोलणं आणि तोच धीराचा हात. सिस्टर स्वतःला समजावायची की काही गाठी एका दमात सुटत नाहीत. शिवाय खरं सांगायचं तर कप्तान तिला आवडायचा. असा बर्फ धरणारा मुलगा तिला आजवर मिळाला नव्हता.

एकदा कासव एकटंच आलं. तिसऱ्या प्रकारची पोटदुखी. तिने झोपवलं, पाणी दिलं. पोराने पाणी संपवलं आणि छताकडे बघत विचारलं, ‘सिस्टर, बर्फ मीच धरला तर चालेल का?’

‘अरे वेड्या,’ सिस्टर हसली, ‘तू धरलास तर त्याला कसं कळणार, तुला किती लागलंय ते?’

‘त्याला कळतं,’ ते म्हणालं.

‘मग झालं तर!’ सिस्टर म्हणाली.

पोरांच्या पोटातलं ओळखणाऱ्या बाईला त्या दिवशी कानाने ऐकू आलेलं कळलं नाही. पुढे कित्येकदा तिने ते दोन शब्द मनात उलटेपालटे करून पाहिले. त्यांत न कळण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यानंतर कासवाची पोटदुखी थांबली. ते एकटं खोलीकडे फिरकेनासं झालं. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना सिस्टर म्हणाली, ‘आमचं कासव निघालं बरं का कवचातून बाहेर!’ सगळे हसले. खेळाच्या सरांनी तर तिला टाळी दिली.

अशात दुसऱ्या शाळांच्या दोन सिस्टर आणि एक साहेब नियम बघायला आले. आता पाहुणे आले म्हणून कुणी मारामारी थोडीच करतं? त्या दिवशी नेमकी शाळा गोगलगायीसारखी गरीब. मोठ्या बाई कानकोंड्या झाल्या. तेव्हा दारातून कप्तान म्हणाला, ‘मॅडम, आम्ही दाखवू? आम्हाला सवय आहे.’ कासवाला वर्गातून बोलावून आणलं. मानेवर आधीचा एक पिवळा पडत चाललेला डाग होताच, तो चालून गेला. कासव स्टुलावर बसलं. कप्तानाने फडकं धरलं. या वेळी सिस्टरने पाठ फिरवली नाही, पाहुण्यांना समजावून सांगत ती समोरच उभी होती. कासवाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. एका पाहुण्या सिस्टरने पदराने आपलेही डोळे पुसले. साहेबांनी फोटो काढला. आमच्या सिस्टरने अभिमानाने पाहुण्यांना नियम पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

फोटो दुसऱ्याच दिवशी मोठा करून ऑफिसबाहेर लागला. आणि दुसऱ्याच दिवशी ते घडलं.

सिस्टर वरच्या मजल्यावर लहान मुलांची वजनं घेत होती. खोलीला ती कधी कुलूप लावत नसे. दुखलेल्या पोराला दार बंद दिसू नये, म्हणून. कासव खोलीत गेलं, फ्रिजमधून गोठलेली बाटली काढली आणि मैदानावर आलं. कप्तान नळाला तोंड लावून पाणी पीत होता. कासवाने बाटली वर उचलली आणि मारली. कप्तान वळला, तेव्हा पुन्हा मारली.

आरडाओरडा ऐकून सिस्टर जिना उतरून धावली. मैदानात पोरांचं कडं झालं होतं. कप्तान खाली पडला होता, एका बाजूने चेहरा रक्ताने भरलेला. आणि त्याच्याशेजारी कासव गुडघ्यांवर बसलं होतं. तीच बाटली दोन्ही हातांत घेऊन कप्तानाच्या चेहऱ्याला लावून. पोराची मान आज आत ओढलेली नव्हती. सिस्टरला बघून ते म्हणालं, ‘मी मारलं. मीच धरलाय.’

तेवढ्यात खेळाच्या सरांनी त्याला बखोटीला धरून मागे फेकलं. ‘पडलेल्याला दाबून मारतोय, हरामखोर!’ पोरंही तेच ओरडू लागली. आणि जो तो पुढे तेच सांगत राहिला.

कप्तानाचा डोळा गेला. कासवाला सुधारगृहात नेलं. त्याचा निकाल करायला बसलेल्या मंडळापुढे आता एकच प्रश्न उरला. पोराने रागाच्या भरात दोनदा मारलं, की खाली पडलेल्याला तो पुढेही मारतच होता? पहिलं असेल तर काही महिन्यांत घर दिसण्याची आशा. दुसरं असेल तर सज्ञान होईपर्यंत तिथेच. त्याची आई कारखान्याच्या कपड्यांत तशीच शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. शिपाई आत सोडायचा नाही. सिस्टर दिसली की म्हणायची, ‘तुम्ही होता ना तिथे? तुम्ही बघितलंत ना?’

सिस्टरने बघितलं होतं. पण काय बघितलं, तेच तिला कळत नव्हतं. मोठ्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं, ‘तुमची पद्धत चांगलीच होती हो. मुलगाच तसा निघाला, त्याला तुम्ही काय करणार? मंडळापुढे नियमाचा विषय काढू नका. उगाच शाळेची शोभा.’ सिस्टरने मान हलवली. तिलाही ते पटवून घ्यायचं होतं.

घरी ताई वाटाणे सोलत बसली होती. सिस्टर समोर बसली आणि तिनेही एक शेंग हातात घेतली.

‘मला कळतच नाही गं ताई,’ ती म्हणाली, ‘त्या पोराच्या अंगात एवढा राग आला कुठून? तो बर्फ धरायचा तेव्हा हा किती शांत बसायचा. अगदी आपल्यासारखे वाटायचे मला दोघं. आई फडकं द्यायची तेव्हा तू बसायचीस ना, तसा.’

ताईचा हात थांबला.

‘माझ्यासारखा?’ ती म्हणाली. ‘अगं, तू दाबायचीस.’

‘काय?’

‘फडकं. आईची पाठ वळली की तू अंगठ्याने दाबायचीस. जिथे दुखायचं, बरोब्बर तिथे. आणि हसायचीस माझ्याकडे बघून. अंगठा पांढरा पडायचा तुझा, इतकं.’

‘काहीतरीच काय! मला नाही आठवत.’

‘तुला कशाला आठवेल?’ ताई रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं.’

‘मग तू आईला कधी सांगितलं का नाहीस?’

‘काय सांगणार होते? फडकं आईनेच दिलं होतं ना तुझ्या हातात. म्हटलं, तिला चालत असेल.’ ताईने पुन्हा शेंग उचलली. ‘लहान होतो गं आपण. मी कधीच सोडून दिलं ते. आता तू विषय काढलास म्हणून.’

सिस्टरने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. म्हातारा होत चाललेला, औषधांनी डागळलेला, हजारो पोरांच्या कपाळांवरून फिरलेला अंगठा. तिला आठवत काहीच नव्हतं. त्या ओल्या फडक्याची माया तेवढी आठवत होती, आणि ती माया एकटीचीच होती. ती त्या रात्री जेवली नाही. ताईने दोनदा हाक मारली आणि मग तिचं ताट झाकून ठेवलं.

सकाळी ती शाळेत गेली ती थेट ऑफिसबाहेरच्या त्या फोटोसमोर. रोज त्याच्यासमोरून ये-जा करत होती. कासवाचे मिटलेले डोळे, गालावरचं पाणी, शेजारी हात जोडून उभी असलेली हसरी सिस्टर. आणि मानेवरच्या फडक्यात रुतलेला कप्तानाचा अंगठा, नखापर्यंत पांढरा पडलेला. इतका स्पष्ट, की त्या साहेबांनी त्याचाच फोटो काढला असावा असं वाटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवा हिच्याच हातात होता. फोटोत ती त्या दोघांपासून हातभर अंतरावर उभी होती आणि पाहुण्यांकडे बघत होती.

तिने फोटो भिंतीवरून काढला. मोठ्या बाई ‘अहो, हे काय करताय?’ म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर पडली होती.

मंडळात तिघं होती. मधल्या बाईंनी चष्मा काढून फोटो पाहिला.

‘हे तुमच्या खोलीत व्हायचं?’

‘हो.’

‘तुम्ही तिथे असताना?’

‘हो. मी पाठ फिरवून बसायचे. आणि त्याने हलायचं नाही, असं मीच सांगितलं होतं.’

‘आणि त्या दिवशी मैदानावर? तो बाटली दाबत होता, असं सगळे सांगतात.’

‘नव्हता दाबत. मी जवळून पाहिलंय. हात नुसते बाटलीभोवती होते, खालून पेलल्यासारखे. बाई, तो नियम पाळत होता. ज्याने मारलं त्याने बर्फ धरायचा. शाळेत तेवढंच त्याला शिकवलं होतं मी.’ मग ती रडली. मंडळापुढे, परक्या माणसांपुढे, नाक पदराला पुसत रडली.

मंडळाने तिचं ऐकलं. पडलेल्याला मारल्याचा आरोप गळाला. पण डोळा तो डोळाच, तो काही कुणाच्या साक्षीने परत येत नाही. कासवाला वर्षभर तरी तिथेच राहावं लागणार होतं. शाळेने सिस्टरला दुसरीकडे जायला सांगितलं, आणि ती जाणारच होती. जाण्याआधी तिने भिंतीवरची निळी अक्षरं खरवडून काढली. एक दिवस दवाखान्यात कप्तानाला बघून आली. त्याचा बाप दारातच खेकसला, ‘आता कशाला आलात?’ आतला मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि बापाच्या आवाजासरशी त्याने मान खांद्यांत ओढून घेतली. सिस्टरने ती हालचाल ओळखली. या पोराला पडदा ओढून कोमट पाणी कुणी कधी दिलं नव्हतं. तिनेही नाही.

मग भेटीच्या वारी ती कासवाच्या आईबरोबर सुधारगृहात गेली. लांबलचक खोली, बाकं, खिडकीला जाळी. आईने लेकाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, जेवतोस का, झोपतोस का विचारलं, आणि मग पहारेकऱ्याने तिला सही करायला टेबलाशी बोलावलं. दोघंच उरली.

सिस्टरने खूप काही ठरवून आणलं होतं. तिला म्हणायचं होतं, तू मला सांगितलं होतंस आणि मी हसले. पण तोंडून निघालं ते सवयीचं. ‘मनगटाला काय झालं रे?’

मनगट सुजलेलं होतं. ‘पडलो,’ पोर म्हणालं.

‘बघू.’ तिने हात पुढे केला.

पोराने मुकाट्याने मनगट तिच्या हातात दिलं. मग पाठ ताठ केली, मान पुढे काढली, डोळे मिटले आणि ते हलायचं थांबलं.

‘अरे, नाही... मी नुसतं बघतेय,’ सिस्टर म्हणाली. तिने मनगटाखाली आपला तळवा धरला, पाखराचं पिल्लू धरावं तसा. अंगठा तिने दूर ठेवला. तिने दाबलं नाही. पण पोर डोळे मिटून, श्वास धरून, वाट बघत राहिलं.